चुन्याची खूण

चिखलदरा

मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. जेवतानाही माझा पाय हलत असतो आणि आई अजून त्यावर डोळे वटारते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मी वऱ्हाडात वटवाघूळ शोधायला निघालो, तेव्हा पुण्यात कोणी फारसं नवल केलं नाही. "जाऊन ये बाबा, तेवढेच पंधरा दिवस आम्ही सुटलो," एवढंच आई म्हणाली.

वटवाघूळ म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे वडाला उलटी टांगलेली ती काळी धुडं येतील. मी शोधत होतो ते त्यातलं नव्हे. ते माझ्या अंगठ्याएवढं असतं. अंग केशरी, लोकरीसारखं, आणि काळ्या पंखांवर बोटांच्या रेषाही केशरी. फार थोड्या जणांनी ते पाहिलेलं आहे आणि ज्यांनी पाहिलं त्यांनीही एकदाच. दिवसा ते झोपतं कुठे, हे तर कोणी नीट लिहूनच ठेवलेलं नव्हतं. आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रमुखांचं मत असं, की ते दाट रानात झाडांच्या ढोल्यांत झोपत असावं. मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होतो. निघताना त्यांनी स्पिरिटने भरलेली काचेची बरणी माझ्या हाती दिली. "एक नमुना घेऊन या, मग तुमच्या कायम होण्याचं बोलू," म्हणाले. बरणीवर कोरी चिठ्ठी आधीच चिकटवलेली होती.

अमरावतीला राजापेठेत माझा कॉलेजातला मित्र भाऊराव राहतो. त्याच्या बायकोने पहिल्याच जेवणात कढीगोळे वाढले, वर लाल तेलाची धार. मला ठसका लागला तशी ती म्हणाली, "पुन्याचे लोक चमगादड पकडतेत, पन तिखट नाई खात?" आमच्याकडे पाहुण्याला असं चौथ्या दिवशीसुद्धा कोणी बोलणार नाही. मला मात्र बरं वाटलं, कारण तोंडावर बोलणाऱ्या माणसांपुढे माझा पाय जरा कमी हलतो.

चिखलदऱ्याला मी चार दिवस ढोल्या धुंडाळल्या. विजेरी लावून प्रत्येक भोकात डोकावलो. त्यांतून पाली निघाल्या, घुबड निघालं, एकदा मधमाश्या निघाल्या आणि माझा उजवा कान दोन दिवस सीताफळाएवढा होऊन बसला. वाटेवर सीताफळांचे ढीग होते. मी उभ्याउभ्याच खायचो आणि बिया थुंकत पुढे जायचो. माझ्याबरोबर वाट दाखवायला सोमा नावाचा कोरकू माणूस होता, पन्नाशीचा, फार थोडं बोलणारा. माझी ही पळापळ तो शांतपणे बघत असे. चौथ्या दिवशी दुपारी मी वैतागून वहीत त्या प्राण्याचं चित्र काढून त्याच्यापुढे धरलं. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

"ये लाल वाला?" सोमा म्हणाला. "ये ढोली में नहीं सोता साहब. सूखे पत्ते में सोता है. पहले यहाँ बाँस में, बेल में बहोत था. अब कम है. नीचे केले में देखो. अंजनगाँव की तरफ."

"चार दिवस का नाही सांगितलंस?"

"आपने पूछा ढोली कहाँ है. मैंने ढोली दिखाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चूक माझीच होती. त्याच संध्याकाळी मी डोंगर उतरलो.

अंजनगाव

अंजनगाव-सुर्जी हे पानाचं गाव. काळ्या जमिनीवर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वावरं लागतात आणि मध्येच एकदम गार हिरव्या भिंतीसारखे पानमळे उभे राहतात. आत शेवरीच्या उंच झाडांवर नागवेली चढवलेल्या असतात आणि कडेने वारा अडवायला केळींच्या रांगा. मळ्याची शिस्त देवळासारखी. आंघोळ करून अनवाणी जायचं आणि अंगावर चामड्याची वस्तू ठेवायची नाही. पुण्यात पान खाऊन रस्ताभर पिचकाऱ्या टाकणाऱ्या आम्हा लोकांना हे पान असं सोवळ्यात वाढतं, याची कल्पनाही नसते.

गोदाबाईंचा मळा गावाच्या पूर्वेला. त्या बारी समाजातल्या, साठीच्या, उंच आणि ताठ. आवाज असा, की बोलल्या की शेजारच्या मळ्यातला माणूसही ओ देत असे. भाऊरावाची चिठ्ठी मी पुढे केली. त्यांनी ती सुनेकडून, वच्छलाकडून, वाचून घेतली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"लाल पाकोयी पायजे तुमाले? कायले?" वटवाघळाला तिकडे पाकोयी म्हणतात.

"बघायची आहे. ती कुठे झोपते ते लिहायचं आहे."

"मारसान तं नाई?"

"नाही," मी म्हणालो.

माझ्या पिशवीचं तोंड उघडं होतं. त्यांनी आतली बरणी उचलली, बूच काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय व्हय?"

"औषध आहे," मी सांगितलं. खोटं किती चटकन आलं तोंडात, याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. आता वाटतं.

त्यांनी बूच लावून बरणी जागच्या जागी ठेवली. "पाहा मंग. पन एक सांगतो मास्तर, हात लावाचा नाई. माह्या मळ्यात आल्ती ते माह्या भरोशावर आल्ती. आधी एकेका रांगेत चार-चार राहे. आता लोकं वाळलं पान ठेवतच नाईत, जाळून टाकतेत. माह्याकडं एक जोडी राह्यली होती, त्यातला नर पोळ्यापासून दिसला नाई."

मी हात लावणार नाही असा शब्द दिला. विहिरीवर आंघोळ केली, चपला, पट्टा आणि पिशवी मांडवात ठेवली. कॅमेराही ठेवावा लागला, त्याचा भाता चामड्याचा होता. खिशात फक्त पेन्सिल, कागद आणि माझी तंबाखू-चुन्याची डबी राहिली. बाई स्वयंपाकाचं बघायला घरी गेल्या आणि मी एकटाच केळींत शिरलो.

केळीचं पान वाळलं की देठाशी मोडून खोडाला लागून खाली लोंबतं आणि त्याची सुरळी होते. अशा सुरळ्या त्या रांगांत शेकड्याने होत्या. मी दोन तास मान वर करून एकेकीत बघत होतो. घाईने बघत होतो आणि त्यामुळे एकाच पानाखालून तीनदा गेलो. चौथ्यांदा मान दुखली म्हणून थांबलो, तेव्हा मला ती दिसली.

आधी वाटलं, पानाच्या आतला एक तुकडा जास्त लाल होऊन वाळला आहे. मग त्या तुकड्याला कान दिसले. पंख मिटून ती पानाच्या शिरेला अशी लागून झोपली होती, की पान कुठे संपतं आणि ती कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये. तिच्या पोटाशी आणखी एक गोळा होता, फिकट, बोराएवढा. पिल्लू. वाऱ्याने पान हललं की दोघं पानाबरोबर हलत होती. मी श्वास धरून उभा राहिलो. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा माझे दोन्ही पाय एकदम स्थिर होते.

किती वेळ गेला कोण जाणे. मग वच्छला बांधावरून जेवायला हाक मारू लागली आणि माझं नेहमीचं सुरू झालं. जेवून आल्यावर हे पान सापडेल का? शेकडो पानं, सगळी एकसारखी. कागद अडकवावा तर वाऱ्याने उडेल. मी डबी उघडली, चुन्याचं बोट घेतलं आणि देठावर, तिच्यापासून चांगलं हातभर वर, एक पांढरा ठिपका काढला. हात लावायचा नाही हा शब्द मी पाळला होता. स्वतःवर खूश होऊन मी जेवायला गेलो.

ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा आणि वर ताक. तीन भाकरी खाल्ल्या आणि मांडवात बाजेवर जरा आडवा झालो. चार दिवसांचं रान अंगात होतं. ज्याला कधी झोप येत नाही तो मी, नेमका त्या दिवशी दोन तास गाढ झोपलो.

उठलो तेव्हा उन्हं कलली होती आणि मांडव रिकामा होता. धावत रांगेत गेलो. माझ्या केळीला ते पान नव्हतं. देठ स्वच्छ कापलेला होता आणि त्या छाटाच्या वर, उरलेल्या बोटभर देठावर, माझा चुन्याचा ठिपका तसाच होता.

वच्छला शेजारच्या रांगेत विळा घेऊन उभी होती. "ते पान तं गेलं," ती म्हणाली. "आत्याबाईनं चुना लावला होता ना, म्हून म्या कापलं."

तेव्हा मला ती पद्धत कळली. नागवेलीच्या पानांच्या करंड्यांना आतून वाळलेल्या केळीच्या पानांचं अस्तर लावतात. त्या पानांत विंचू निघतात, कधी हिरवा साप निघतो. म्हणून गोदाबाई दुपारी एकट्या फिरून प्रत्येक सुरळी काठीने हलके ठोकतात, आत कोणी असलं तर जाऊ देतात, आणि रिकाम्या पानाच्या देठावर चुन्याचं बोट लावतात. सून मागून येते आणि चुना दिसला की न बघता कापते. त्या मळ्यात चुन्याचा ठिपका म्हणजे आत कोणी नाही.

गोदाबाई आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी देठ पाहिला, मग माझं बोट पाहिलं. बोटावर चुना वाळलेला होता.

"करंड्या शिवून झाल्या," त्या म्हणाल्या. "संध्याकाळच्या गाडीवर गेल्या."

मी स्टेशनापर्यंत धावलो, अनवाणीच. छोट्या रुळांची ती गाडी एरवी इतकी रेंगाळते म्हणतात, की माणूस उतरून बोरं वेचून परत चढू शकतो. त्या दिवशी ती वेळेवर गेली होती. पार्सलाच्या खिडकीत तायडे नावाचे तरुण कारकून बसले होते. धम्मदीक्षेला दोनेक वर्षं झाली होती, त्यांच्या मागे भिंतीवर बुद्धाची नवी कोरी तसबीर होती. मी धापा टाकत काय बोललो मलाच आठवत नाही. त्यांनी आधी मला पाणी दिलं.

"बसा. एवढा जीव कायले टांगला? मानूस गेला का कोनी?"

मी त्यांना वटवाघळाचं आणि पिल्लाचं सांगितलं. ते हसतील असं मला वाटलं होतं, पण ते हसले नाहीत.

"गोदाबाईच्या करंड्या अकोल्याले जातेत. जुन्या शहरात, गफूरभाईच्या वखारीत. आता गाडीमागं पळून काई होत नाई. पहाटे दर्यापूरची मोटार पकडा. दुपारच्या आधी करंड्या कोनी खोलत नाई."

"जिवंत राहील?"

"ते मले नाई सांगता येत," तायडे म्हणाले. "पन जाऊन पाहा."

दर्यापूर, मग अकोला

रात्री रिकाम्या मांडवातून चपला आणि पिशवी उचलून मी स्टेशनावरच पडलो होतो. पहाटेच्या मोटारीत मी खिडकीशी बसलो आणि ड्रायव्हरच्या जागी स्वतःच गाडी ओढत असल्यासारखा पुढे वाकून राहिलो. शेजारी फुलवाली बाई झेंडूचा भारा घेऊन बसली होती. माझा पाय तिच्या भाऱ्याला लागत होता. शेवटी ती म्हणाली, "काय करून राहिले जी? शिलाईची मशीन चालवून राहिले का?" सगळी मोटार हसली आणि मीही हसलो, पण पाय थांबला नाही.

दर्यापूरला मोटार बदलली. पुढे आदल्या आठवड्याच्या पावसाने काळी माती अजून ओली होती, त्यात चाक रुतलं. उतरून ढकलणाऱ्यांत मी पहिला होतो. गुडघ्यापर्यंत काळा झालो. वऱ्हाडची माती एकदा अंगाला लागली की सोडत नाही. कापसाचे शेतकरी त्याच मातीचं कौतुक सांगत होते आणि मी मनातल्या मनात तिला शिव्या घालत होतो.

मोर्णा नदीच्या पुलावरून अकोल्याच्या जुन्या शहरात शिरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे दुकानं, त्यांत माझा हा चिखलाचा अवतार. गफूरभाईंची वखार विचारत गेलो. आत अंधार, गारवा आणि हिरव्या पानांचा वास. ओल्या फडक्यांखाली करंड्यांच्या ओळी होत्या. गफूरभाई पांढऱ्या दाढीचे, गादीवर बसून पान लावत होते.

"गोदाबाई की करंडी?" ते म्हणाले. "उनकी करंडी तो मैं आँख बंद करके खोलता हूँ. बीस साल में चींटी नहीं निकली. दुसऱ्याच्या करंडीतून बिच्छू निघाला न् आमच्या मुनीमले डसला, तवापासून अख्खा बाजार पहले गोदाबाई का नाम पूछता है."

माझ्या लक्षात आलं, की मी आता जे सांगणार आहे त्याने त्या बाईचं वीस वर्षांचं नाव जाणार. वखारीत आणखी दोन व्यापारी बसले होते. मी गफूरभाईंच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे. त्यांची नाही. जरा आत चला."

ते उठले, दोन करंड्या स्वतः उचलून मागच्या खोलीत नेल्या आणि दार लोटलं. पहिलीत काही नव्हतं. दुसरीची शिवण त्यांनी सुरीने उसवली. वरची पानं उचलली, अस्तर दिसलं. मी एकेक सुरळी बोटांनी उलगडू लागलो. मी इतकी घाई करत होतो, की गफूरभाईंनी माझं मनगट धरलं. "आहिस्ता, भाई. आहिस्ता."

ती तळाशी होती. पान चेपलं होतं, पण सुरळी तशीच होती आणि तिच्यात ती शिरेला धरून होती. डोळे बारीक उघडले, दात दाखवले. जिवंत होती. पोटाशी पिल्लू नव्हतं. आम्ही दोघांनी उरलेली सगळी पानं उलटीपालटी केली. पिल्लू कुठेच नव्हतं.

गफूरभाईंनी ओला बोळा तिच्या तोंडाशी धरला. ती पाणी चाटू लागली. "ये बात इस कमरे से बाहर नहीं जाएगी," ते म्हणाले आणि करंडी पुन्हा शिवायला बसले.

परत

दुपारच्या मोटारीत माझ्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत एका बाजूला फडक्यात गुंडाळलेलं पान आणि दुसऱ्या बाजूला बरणी. दोघांमध्ये फक्त माझी वही.

मी साधू नाही. दर्यापूर येईपर्यंत मी तोच हिशेब करत होतो. ती तशीही अशक्त आहे, वाचेल याचा भरवसा नाही. कोणाला कळणार आहे? चार वर्षं हंगामी. आईला सांगता येईल, की मुलगा कायम झाला. एकदा तर मी बरणीचं बूच सैल केलंसुद्धा. स्पिरिटचा वास आला आणि फडक्यात काहीतरी खुडबुडलं. मी बूच घट्ट लावलं आणि उरलेला रस्ता हातावर हात धरून बसलो. सूर्य खिडकीतून खाली उतरत होता आणि अंधाराआधी तिला तिच्या केळीपाशी न्यायचं होतं. त्या मोटारीइतकं हळू चालणारं वाहन मी आजवर पाहिलेलं नाही.

मळ्यात पोचलो तेव्हा उन्हं शेंड्यांवर होती. मी विहिरीवर आंघोळ केली. एवढ्या घाईतही ती चुकवायचं धैर्य मला झालं नाही. गोदाबाई कापलेल्या केळीपाशी उभ्या होत्या. त्यांनी दुसरं वाळलेलं पान आणून सुतळीने त्याच देठाला बांधून ठेवलं होतं. त्यावर चुना नव्हता.

मी फडकं उलगडलं. ती हळूच वर चढली, पंख उघडले आणि फुलपाखरासारखी भिरभिरत उडाली. बांधलेल्या पानाकडे ती गेलीच नाही. कापलेल्या देठाखाली, जिथे जुनं पान लोंबत होतं त्या रिकाम्या जागेत, ती घिरट्या घालू लागली. एक, दोन, किती तरी. प्रत्येक वेळी तिथेच यायची आणि धरायला काही नाही म्हणून पुन्हा वर जायची. मग शेवरीच्या पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

"पिल्लू?" मी विचारलं.

गोदाबाईंनी पदराची गाठ सोडली. आत नागवेलीचं हिरवं पान होतं आणि पानात तो फिकट गोळा.

"कापताना बुडाशी पडलं होतं. तू टेशनवर पळाला, तवा सापडलं. रातभर उराशी धरलं. कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं. दुपारी गेलं." कालपर्यंत त्या मला 'मास्तर' आणि 'तुमी' म्हणत होत्या.

मला रडू आलं, तेही धड नाही. त्यांनी ते पान माझ्या हातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटवली.

"ने," त्या म्हणाल्या. "तुह्या औषधात ठेव."

आता ती बरणी आमच्या कॉलेजच्या संग्रहालयात आहे. मी कायम झालो. चिठ्ठीवर स्थळ आहे, संग्राहक म्हणून माझं नाव आहे आणि 'कसे मिळाले' या रकान्यात प्रमुखांनी आपल्या सुंदर अक्षरात 'मृतावस्थेत आढळले' असं लिहिलं आहे. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी शाई टिपली, मला चिठ्ठी दाखवली आणि "बरोबर ना?" असं विचारलं. मी "हो" म्हणालो.